पेट स्कॅनवर दिसलेली गाठ ऑपरेशनच्या टेबलावर सापडावी म्हणून

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कर्करोगाच्या पहिल्या ऑपरेशनबद्दल वृत्तपत्रांतून बरेच लिहून येते. आजार परत आल्यावर कराव्या लागणाऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या ऑपरेशनबद्दल मात्र फारसे कोणी लिहीत नाही. न्यूक्लिअर मेडिसिन (किरणोत्सारी औषधांनी तपासणी आणि उपचार) आणि कर्करोग शल्यचिकित्सा या दोन विभागांत काम करणारे आम्ही काही डॉक्टर एका नेमक्या अडचणीबद्दल हे पत्र लिहीत आहोत.

पेट स्कॅनवर, म्हणजे किरणोत्सारी औषध देऊन काढलेल्या शरीराच्या चित्रात, नऊ-दहा मिलिमीटरची गाठ स्पष्ट चमकते. रुग्णाला भूल दिली जाते, मान किंवा पोट उघडले जाते आणि ती गाठ काही केल्या हाताला लागत नाही. तीन-चार तास शोधून जे संशयास्पद वाटेल ते काढून तपासणीला पाठवतात. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येतो, ‘कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत.’ काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन केला, तर तोच ठिपका त्याच जागी असतो. अशा वेळी शल्यविशारदाला दोष देणे सोपे असते, पण बहुतेकदा ते खरे नसते. गाठ टेबलावर शोधून काढण्याची तजवीज आधी केलेली नसते, हे खरे कारण. ती करता येते, त्यासाठी लागणारी बरीचशी साधने आपल्याकडे आहेत. मात्र ती वापरायचे ऑपरेशनच्या आधी ठरवावे लागते. ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) शिरल्यावर वेळ गेलेली असते.

थायरॉईडचे उदाहरण घेऊ, कारण त्यात सगळ्या अडचणी एकाच जागी भेटतात. पॅपिलरी प्रकारच्या कर्करोगासाठी पूर्ण ग्रंथी काढलेली असते, नंतर किरणोत्सारी आयोडीन दिलेले असते. काही वर्षांनी रक्तातले थायरोग्लोब्युलिन हळूहळू वाढू लागते. हे प्रथिन फक्त थायरॉईडच्या पेशी तयार करतात. ग्रंथीच उरलेली नसताना ते वाढत असेल, तर कुठेतरी पेशी शिल्लक आहेत, आणि बहुधा त्या मानेतल्या एखाद्या लिम्फ नोडमध्ये (लसिकाग्रंथीत) असतात. पहिल्या ऑपरेशनच्या वेळी हे नोड मऊ चरबीत असतात, बोटाखाली सरकतात. दुसऱ्या वेळी ती चरबी उरलेली नसते. श्वासनलिका, अन्ननलिका, स्नायू आणि रक्तवाहिन्या यांच्यामध्ये पांढरा, कडक व्रण तयार झालेला असतो. व्रणाचा गोळा आणि कर्करोगाचा नोड बोटाला सारखेच लागतात. त्याच व्रणात स्वरयंत्राला जाणारी जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाडीची नस (मज्जातंतू) आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या, मसुराच्या डाळीएवढ्या पॅराथायरॉईड ग्रंथी दडलेल्या असतात. नस दुखावली तर आवाज बसतो, पॅराथायरॉईड गेल्या तर रुग्णाला आयुष्यभर कॅल्शियमच्या गोळ्या घ्याव्या लागतात. त्यामुळे ‘शोधत राहू, सापडेल’ हे धोरण इथे महागात पडते.

मुळात ऑपरेशन करायचे का, हे आधी ठरवावे. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मानेच्या मध्यभागातला नोड सर्वांत कमी मापाच्या दिशेने किमान ८ मिलिमीटर आणि बाजूचा किमान १० मिलिमीटर असेल, तर सुईने तपासून मग ऑपरेशनचा विचार करावा. त्याहून लहान नोडवर सोनोग्राफीने लक्ष ठेवणे बहुतेकांना पुरते. हे ऐकून नातेवाईक अस्वस्थ होतात, ते स्वाभाविक आहे. पण पाच मिलिमीटरच्या संथ वाढणाऱ्या नोडसाठी नस धोक्यात घालणे आम्हाला पटत नाही.

सुईची तपासणी टाळून थेट ऑपरेशनला जाऊ नये. सुईतला ऐवज काचपट्टीवर पसरून झाला की तीच सुई १ मिलिलिटर सलाइनमध्ये खळबळून घ्यायची आणि त्या पाण्यातले थायरोग्लोब्युलिन मोजायचे. पेशी कमी आल्यामुळे काचपट्टीवर निदान होत नाही, तेव्हा हे धुतलेले पाणी उत्तर देते. आपल्याकडे तर याची दुप्पट गरज आहे, कारण क्षयरोगाचे नोडही पेट स्कॅनवर तितकेच चमकतात. या स्कॅनसाठी देतात ते औषध एफडीजी, म्हणजे किरणोत्सारी साखर. ती कर्करोगाच्या पेशी खातात तशीच क्षयाच्या किंवा साध्या सुजेच्या पेशीही खातात. जुन्या टाक्याभोवती जमलेली गाठ चमकते, थंडीत मानेतली तपकिरी चरबीही चमकते. मानेच्या ऑपरेशननंतर हमखास फसवणारी आणखी एक गोष्ट आहे. एका बाजूची स्वरपट्टी आधीच्या ऑपरेशनात लुळी पडली असेल, तर बोलताना दुसऱ्या बाजूच्या पट्टीवर जास्त ताण येतो आणि स्कॅनवर तीच निरोगी पट्टी गाठीसारखी उजळते. म्हणून दुसऱ्या ऑपरेशनआधी दुर्बिणीने स्वरपट्ट्या पाहणे दोन कारणांसाठी आवश्यक आहे. नसेची आजची स्थिती कागदावर येते आणि स्कॅनचा अर्थही नीट लागतो.

निदान पक्के झाले की प्रश्न उरतो जागेचा. रिपोर्टमध्ये ‘उजव्या बाजूला, लेव्हल सहामध्ये ९ मिलिमीटरचा नोड’ असे लिहिलेले असते. लेव्हल सहा म्हणजे मानेचा मध्यभाग. ओटीतल्या माणसाला एवढ्याने भागत नाही. श्वासनलिकेपासून किती अंतरावर, कॅरोटिड धमनीच्या आत की बाहेर, उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) खाचेपासून किती वर, त्वचेपासून किती खोल, हे रेडिओलॉजिस्टने लिहून द्यायला हवे. आणि त्वचेवर खूण करायचीच असेल तर ती ऑपरेशनच्या अवस्थेत करावी. स्कॅनच्या वेळी रुग्ण मान सरळ ठेवून झोपलेला असतो. ओटीत खांद्याखाली उशी देऊन मान मागे ताणतात. त्वचा सरकते, आतले अवयव मात्र तेवढे सरकत नाहीत. मग आदल्या दिवशी सरळ मानेवर काढलेली खूण प्रत्यक्षात भलत्याच जागी येते. सर्वांत चांगले म्हणजे भूल दिल्यावर, मान ताणल्यावर, छेद घेण्याआधी शल्यविशारदाने स्वतः सोनोग्राफी करून नोड पाहावा. यात दहा मिनिटे जातात.

यापुढची पायरी प्रोबची. प्रोब म्हणजे पेनासारखे हातात धरायचे, किरण मोजणारे उपकरण. त्याच्या टोकाचा व्यास साधारण १० ते १४ मिलिमीटर असतो. आत किरण टिपणारा स्फटिक आणि त्याभोवती बाजूचे किरण अडवणारे टंगस्टनचे कवच. यंत्राच्या पडद्यावर दर सेकंदाचे काउंट, म्हणजे टिपलेल्या किरणांची संख्या, दिसतात आणि काउंट वाढले की आवाज चढतो, त्यामुळे शल्यविशारदाला नजर ऑपरेशनच्या जागेवरून हलवावी लागत नाही. या कल्पनेला आता पंचाहत्तरहून अधिक वर्षे झाली. १९४९ मध्ये अमेरिकेत मेंदूतल्या गाठींसाठी किरणोत्सारी फॉस्फरस आणि गायगर गणकयंत्र ओटीत वापरले गेले होते. आज ज्या रुग्णालयांत स्तनाच्या कर्करोगात किरणोत्सारी पद्धतीने सेंटिनल नोड (गाठीकडून येणारी लसिका सर्वांत आधी पोहोचते तो नोड) शोधला जातो, तिथे हा प्रोब असतोच. त्याच प्रोबने मानेतला परतलेला नोडही शोधता येतो, ही गोष्ट तिथे काम करणाऱ्या सगळ्यांच्या डोक्यात असतेच असे नाही.

पद्धत अशी. ऑपरेशनच्या सकाळी सोनोग्राफीत पाहत बारीक सुईने नोडच्या मधोमध टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी मूलद्रव्य लावलेले एमएए टोचतात. एमएए म्हणजे मानवी अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाचे १० ते १०० मायक्रॉनचे कण. मात्रा ०.१ ते ०.२ मिलिलिटर, किरणोत्सर्ग एक मिलिक्युरी (किरणोत्सर्ग मोजण्याचे एकक) किंवा त्याहून कमी. कण मोठे असल्याने ते टोचले तिथेच अडकून राहतात, लसिकावाहिन्यांतून पुढे सरकत नाहीत. इथे एक चूक होऊ शकते. सेंटिनल नोडसाठी वापरतात ते नॅनोकोलॉइड आणि हे एमएए दोन्ही टेक्नेशियमचेच, पण नॅनोकोलॉइड मुळात वाहून जाण्यासाठीच बनवलेले आहे. ते टोचले, तर दुपारपर्यंत शेजारचे निरोगी नोडही बोलू लागतील. सिरिंजवर औषधाचे नाव लिहिलेले असावे, नुसते ‘टेक्नेशियम’ नव्हे.

सुई बाहेर काढताना पिस्टनवरचा अंगठा सोडायचा. दाब कायम राहिला की सुईच्या वाटेवर औषध सांडते आणि मग प्रोब नोडपासून त्वचेपर्यंतची सगळी वाट गरम, म्हणजे किरणोत्सारी, दाखवतो. सुईचे टोक शिरेत गेले, तर कण थेट फुप्फुसांत जाऊन बसतात आणि मानेत काहीच उरत नाही. म्हणून टोचल्यानंतर गॅमा कॅमेऱ्याखाली पाच मिनिटांचे एक चित्र घ्यावेच. मानेत एकच ठिपका, छातीत काही नाही, असे दिसले तर काम झाले. छातीत उजेड दिसला, तर ऑपरेशन सुरू होण्याआधीच कळले हे नशीब. त्वचा पुसलेला बोळाही बाजूला ठेवायचा. तो ड्रेसिंगखाली राहिला, तर पुढचा अर्धा तास प्रोब त्या बोळ्याच्याच मागे लागतो.

टेक्नेशियमचे अर्धायुष्य सहा तास. सकाळी आठला टोचलेले दुपारी दोनला निम्मे, रात्री आठला पाव. म्हणजे केस यादीत दुसरी-तिसरी असली तरी चालते, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ढकलली तर सोळावा हिस्साच शिल्लक राहतो. टेक्नेशियम मिळते मॉलिब्डेनम-९९ च्या जनरेटरमधून. रोज सकाळी त्यातून ते ‘दुहून’ घेतात, आमच्या विभागांत असाच शब्द रुळला आहे. मॉलिब्डेनमचे अर्धायुष्य ६६ तासांचे, त्यामुळे आठवड्याच्या शेवटी जनरेटर आटत जातो, आणि ‘शुक्रवारी जमणार नाही’ असे उत्तर मिळू शकते. हाडांच्या किंवा हृदयाच्या स्कॅनला वीस-पंचवीस मिलिक्युरी लागतात, तिथे हे ठीक आहे. एक मिलिक्युरीहून कमी मात्रेसाठी मात्र शुक्रवारचा जनरेटरही पुरून उरतो.

ओटीत प्रोब निर्जंतुक पिशवीत घालतात. त्याआधी तो चालतो का, ते पाहायचे. कोबाल्ट-५७ चा छोटा तपासणी स्रोत ठराविक अंतरावर धरून नेहमीइतके काउंट येतात ना, एवढेच. ऊर्जेची खिडकी, म्हणजे प्रोब मोजतो त्या किरणांच्या ऊर्जेची मर्यादा, टेक्नेशियमच्या १४० किलो इलेक्ट्रॉन व्होल्टवर आहे ना, हेही बघायचे. आदल्या केसला कोणी ती दुसऱ्या समस्थानिकावर (किरणोत्सारी पदार्थावर) ठेवलेली असली, तर प्रोब अर्धाच ऐकतो आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. कॉटरी (विजेने उती कापण्याचे व रक्तस्राव थांबवण्याचे उपकरण) चालू असताना काउंट वाचू नयेत, कारण तिच्या विजेच्या गोंधळाने खोटे काउंट येऊ शकतात. पिशवीच्या टोकाला किरणोत्सारी रक्त लागले, तर प्रोब जिकडे न्याल तिकडे गरम दाखवेल. शंका आली की प्रोब रुग्णापासून दूर हवेत धरून बघायचा. तिथेही काउंट चढे असतील, तर पिशवी बदला.

काउंट कसे वाचायचे, यावर थोडे सविस्तर लिहितो, कारण प्रोब हाती असूनही निराशा पदरी येते ती इथे. किरणोत्सर्ग ठोकळ्यासारखा स्थिर नसतो, दर सेकंदाला आकडा वरखाली होतो. त्यामुळे एका सेकंदाचा आकडा बघून निर्णय घेऊ नये. आधी जवळच्या निरोगी जागी, समजा मानेच्या दुसऱ्या बाजूच्या स्नायूवर, प्रोब दहा सेकंद स्थिर धरायचा. समजा १०० काउंट आले. या शंभराचे वर्गमूळ दहा, त्याची तिप्पट तीस. म्हणजे १३० च्या वर गेले तरच ‘इथे काहीतरी आहे’ म्हणता येते. आता हेच एका सेकंदात मोजले तर निरोगी जागी १० काउंट येतील, वर्गमूळ तीनच्या थोडे वर, तिप्पट साधारण साडेनऊ. म्हणजे दुप्पट आकडा आल्याशिवाय फरक सांगताच येणार नाही. दहा सेकंद थांबले की तीस टक्क्यांचा फरकही पकडता येतो. सुईने थेट नोडमध्ये टोचलेले असेल तर फरक कित्येक पटींचा असतो आणि हा हिशेब लागत नाही. शिरेतून औषध दिलेले असते तेव्हा मात्र हा हिशेब न करणारा माणूस फसतो.

प्रोब हळू फिरवायचा, टोक उतीला हलके टेकवून. टोक तिरपे झाले की तो शेजारच्या गरम जागेकडे बघू लागतो. नोड काढला की काम संपत नाही. काढलेला तुकडा रुग्णापासून दूर, मागच्या टेबलावर नेऊन मोजायचा. तो गरम असला पाहिजे. मग रिकाम्या झालेल्या जागेवर प्रोब पुन्हा दहा सेकंद धरायचा, तिथले काउंट निरोगी जागेच्या बरोबरीला उतरलेले असले पाहिजेत. तुकडा थंड आणि जागा गरम असेल, तर भलतेच काढले आहे. हे त्या क्षणी कळते, सहा आठवड्यांनंतरच्या स्कॅनमध्ये नव्हे. या साध्या गोष्टीसाठीच आम्ही प्रोबचा एवढा आग्रह धरतो. तुकड्यांच्या बाटल्या वेगळ्या, त्यावर जागेचे नाव आणि काउंट लिहिलेले, आणि शक्य तिथे लगेच फ्रोझन सेक्शन, म्हणजे तुकडा गोठवून ऑपरेशन चालू असतानाच केलेली तपासणी.

प्रोब नसेल, तर सोनोग्राफीखाली नोडमध्ये कोळशाचे निर्जंतुक द्रावण टोचून काळी खूण करता येते. तिला अर्धायुष्य नाही, त्यामुळे आधीच्या दिवसांत करून ठेवली तरी चालते. अडचण एवढीच की डोळ्यांना दिसेपर्यंत तिचा उपयोग नाही. व्रणाच्या थराखाली ती आवाज देत नाही. वाट म्हणाल, तर मधल्या जुन्या छेदातून सरळ आत घुसण्यापेक्षा बाजूच्या मोठ्या स्नायूच्या कडेने आत जाणे बरे. तिथे व्रण कमी असतो आणि नस लवकर सापडते. नसेवर लक्ष ठेवणारे मॉनिटरिंगही या ऑपरेशनात असावे.

गाठ अजून आयोडीन शोषत असेल, तर आणखी एक मार्ग आहे. फ्रान्समधल्या गुस्ताव रूसी संस्थेने १९९० च्या दशकात तो वापरला. आयोडीन-१३१ चे १०० मिलिक्युरी द्यायचे, चौथ्या दिवशी स्कॅन, पाचव्या दिवशी प्रोबच्या साहाय्याने ऑपरेशन, आणि सातव्या दिवशी पुन्हा स्कॅन करून काही राहिले का ते पाहायचे. उपचार आणि शोध एकाच मात्रेत होतात. पण परतलेल्या कितीतरी गाठी आयोडीन शोषणे सोडून देतात, तिथे हा मार्ग बंद होतो.

इथे एक प्रश्न हमखास येतो. गाठ एफडीजीने दिसली आहे, तर ऑपरेशनच्या सकाळी पुन्हा एफडीजी देऊन त्याच प्रोबने का शोधत नाहीत? कारण किरणांची ताकद. टेक्नेशियमचे किरण निम्म्यावर आणायला पाव मिलिमीटरच्या आसपास शिसे पुरते. एफडीजीमधल्या फ्लोरिनमुळे निघणारे किरण ५११ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टचे, त्यांना चार मिलिमीटरच्या आसपास लागते. साध्या प्रोबचे कवच त्यांना अडवू शकत नाही. मेंदू, हृदय आणि मूत्राशय तर साखरेने भरलेले असतात. त्यांचे किरण बाजूने आत शिरतात आणि प्रोब सगळीकडेच ओरडतो. यासाठी जाड कवचाचा वेगळा, जड प्रोब लागतो, आणि तो मानेच्या छोट्या जखमेत नीट वळत नाही. त्यात फ्लोरिनचे अर्धायुष्य ११० मिनिटे. सकाळी आठला दिलेले दुपारी दोनपर्यंत दहाव्या हिश्श्यावर येते. ओटीतल्या माणसांना मिळणारा किरणांचा डोसही टेक्नेशियमपेक्षा बराच जास्त, आणि नेहमीचा लेड अॅप्रन या किरणांपुढे जवळपास निरुपयोगी. तरीही एफडीजीचा एक उपयोग होतो. काढलेला तुकडा रुग्णापासून दूर नेऊन मोजला, तर तो गरम की थंड हे सांगता येते.

पोटातल्या कर्करोगांत या प्रयत्नांचा इतिहास जुना आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात मोठ्या आतड्याच्या परतलेल्या कर्करोगासाठी आयोडीन-१२५ लावलेली प्रतिपिंडे (गाठीच्या पेशींना चिकटणारी प्रथिने) वापरली जात. रक्तातले आयोडीन निवळायला तीन-एक आठवडे थांबावे लागे, म्हणून ६० दिवसांच्या अर्धायुष्याचा समस्थानिक निवडलेला. कल्पना चांगली होती, पण एवढी प्रतीक्षा आणि खोटे संकेत यांमुळे ती रोजच्या वापरात रुळली नाही.

सध्या सर्वांत जास्त चर्चा आहे ती प्रोस्टेटची. ग्रंथी काढल्यानंतर पीएसए (रक्तातले प्रोस्टेटचे प्रथिन) ०.२ च्या वर जाऊ लागले आणि पीएसएमए पेट स्कॅनवर, म्हणजे प्रोस्टेटच्या पेशींना चिकटणाऱ्या किरणोत्सारी औषधाने काढलेल्या स्कॅनवर, ओटीपोटात एक-दोन छोटे नोड दिसले, तर काही निवडक रुग्णांत ते काढतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातल्या गटाने २०१५ मध्ये इंडियम-१११ वापरून याचे पहिले निष्कर्ष मांडले. नंतर टेक्नेशियम लावलेले पीएसएमए आले. ते आदल्या दिवशी शिरेतून देतात, पंधरा-वीस मिलिक्युरी. मात्रा मोठी, कारण दुसऱ्या दिवशी अठरा तासांनी आठवाच हिस्सा उरतो. आणि मुद्दाम थांबतात, कारण पीएसएमए लघवीवाटे बाहेर पडते. लवकर उघडले, तर मूत्रवाहिनीतला थेंब नोडसारखा आवाज देतो. नोडच्या अगदी शेजारून मूत्रवाहिनी जात असते, हे लक्षात घेतले की या फसगतीचा धोका कळतो. दुसरी फसगत मज्जातंतूंच्या गॅंग्लियाची, म्हणजे त्यांच्या नैसर्गिक गाठींची. माकडहाडाच्या वर, पाठीच्या कण्यासमोर त्या पीएसएमए घेतात आणि स्कॅनवर हुबेहूब नोड वाटतात. दुर्बिणीच्या ऑपरेशनात ताठ प्रोब पोर्टच्या (उपकरणे आत घालायच्या नळीच्या) कोनात अडकतो, म्हणून नेदरलँड्समधल्या गटाने वायरला लोंबकळणारा छोटा प्रोब तयार केला. तो पोटात सोडतात आणि रोबोच्या चिमट्याने धरून हवा तसा वळवतात.

या ऑपरेशनबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण जाहिरातीत ती सांगितली जात नाही. पीएसए खाली येते, पण बऱ्याच रुग्णांत ते काही काळाने पुन्हा वाढते. स्कॅन आणि प्रोब दोघांनाही तीन-चार मिलिमीटरच्या आतले ठेवे दिसत नाहीत. त्यामुळे नुसता चमकणारा नोड वेचून घेणे पुरत नाही, त्या भागातले सगळे नोड काढावे लागतात. आणि हा उपचार अजून सिद्ध झालेल्या उपचारांच्या रांगेत बसलेला नाही. रेडिओथेरपी आणि हार्मोनचे पर्याय समोर ठेवूनच त्याचा निर्णय व्हावा.

स्तनाचा कर्करोग त्याच बाजूला परत आला, तर सेंटिनल नोड पुन्हा शोधता येतो. पहिल्यापेक्षा कमी वेळा सापडतो, पण त्याआधी लिम्फोसिंटिग्राफीचे, म्हणजे लसिका कुठून कुठे वाहते ते दाखवणारे, चित्र काढलेच पाहिजे. काखेतले नोड आधी काढलेले असल्याने लसिकेने नवी वाट धरलेली असते. ती छातीच्या हाडाशेजारी किंवा चक्क दुसऱ्या काखेत जाते. चित्राविना प्रोब जुन्याच काखेत फिरवत बसले, तर हाती काही लागत नाही.

प्रकाशावर चालणाऱ्या पद्धतींबद्दलही विचारणा होते. इंडोसायनिन ग्रीन या रंगद्रव्याचा अवरक्त प्रकाश उतीतून जेमतेम एक सेंटिमीटर वर येतो, आणि तो कर्करोगच ओळखतो असे नाही. ग्लायोमा या मेंदूच्या गाठीत भूल देण्याच्या साधारण तीन तास आधी वजनाच्या किलोमागे २० मिलिग्रॅम ५-एएलए हे औषध पाजतात. निळ्या प्रकाशात गाठ लालसर दिसते. परतलेल्या गाठीत मात्र आधीच्या रेडिएशनने बिघडलेली उतीही लाल दिसू शकते, म्हणून रंगावर विसंबून काढत जाणे धोक्याचे. रुग्णाला पुढचा एक दिवस कडक उजेडापासून दूर ठेवावे लागते, हे वॉर्डातल्या नर्सला सांगायचे राहून जाऊ नये.

आपल्याकडे हे सगळे परके नाही. परळचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून काम करते आहे. देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन (पेट स्कॅनची किरणोत्सारी द्रव्ये बनवणारे यंत्र) आणि पहिला पेट स्कॅन २००२ मध्ये तिथेच आला. वाशीची ‘ब्रिट’ ही संस्था किरणोत्सारी औषधे देशभर पुरवते. अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना असलेले न्यूक्लिअर मेडिसिन विभाग जिथे आहेत, तिथे टेक्नेशियमही आहे. कमी पडते ते दोन विभागांतले बोलणे. ओटीची यादी आदल्या संध्याकाळी ठरते, आणि न्यूक्लिअर मेडिसिनला सकाळी नऊला फोन येतो की साडेनऊला केस घेत आहोत. टोचणे, चित्र घेणे आणि रुग्णाला ओटीत आणणे याला दीड-दोन तास लागतात. फोन दोन दिवस आधी आला, तर सगळे बसते. शासकीय आरोग्य योजनांनी परतलेल्या आजाराच्या ऑपरेशनचे दर ठरवताना ही सोनोग्राफी, हे इंजेक्शन आणि प्रोब यांचा खर्च त्यात धरावा, अशी आमची विनंती आहे. त्यामानाने तो खर्च छोटा आहे. हुकलेले ऑपरेशन पुन्हा करावे लागते तेव्हाचा खर्च पाहिला की हे पटते.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांना आमचे काही सांगणे आहे. पहिल्या ऑपरेशनची सविस्तर नोट आणि पॅथॉलॉजीचा मूळ रिपोर्ट त्या रुग्णालयाकडून मागून घ्या. डिस्चार्ज कार्डावरच्या दोन ओळी पुरत नाहीत. कोणता भाग काढला, कुठली नस दिसली, कुठली पॅराथायरॉईड जागेवर ठेवली, हे त्या नोटमध्ये असते. पेट स्कॅनची सीडी आणा, कारण छापील चित्रावरून जागा मोजता येत नाही. आणि ऑपरेशनची तारीख घेताना डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. ही गाठ सुईने तपासली आहे का, टेबलावर ती कशाने शोधणार, आणि काढलेल्या तुकड्यात ती आली की नाही हे टाके घालण्याआधी कसे कळणार. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘पॅथॉलॉजीच्या रिपोर्टनंतर’ असे मिळाले, तर तारीख आठवडाभर पुढे ढकलून न्यूक्लिअर मेडिसिन विभागाशी बोलून घ्यायला सांगा. संथ वाढणाऱ्या गाठीत एका आठवड्याने फरक पडत नाही.

आपले,
न्यूक्लिअर मेडिसिन व कर्करोग शल्यचिकित्सा विभागांत काम करणारे काही डॉक्टर,
मुंबई